काजळी साळुंकी

१

संस्थेच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वळून गेलं की एक बिनखिडकीची खोली लागायची. आत एक टेबल, एक संगणक, भिंतींना चिकटवलेला जाड स्पंज आणि वहिनी. सगळी संस्था तिला वहिनीच म्हणायची, कारण तिचा नवरा तिच्या आधीपासून इथे कामाला होता आणि तो सगळ्यांचा भाऊ होता. भाऊ रानात जायचा, वहिनी रान ऐकायची. लोक गमतीनं म्हणायचे, या दोघांनी संसार नीट वाटून घेतलाय. पाय त्याचे, कान हिचे.

उंच झाडांवर चढून भाऊ छोटी यंत्रं बांधून यायचा. ती पहाटे आणि संध्याकाळी आपोआप चालू व्हायची आणि आजूबाजूचे आवाज टिपून ठेवायची. वनरक्षक अधूनमधून त्यांतली कार्डं काढून पाठवायचे. मग वहिनी कानाला हेडफोन लावायची आणि दिवसभर ऐकत बसायची. किड्यांची किरकिर, पानांवरून ओघळणारं दव, माकडांची भांडणं. या सगळ्यातून तिला एकच आवाज निवडून काढायचा होता, काजळी साळुंकीचा.

साधी साळुंकी कुणाच्याही दारात येते, खरकट्यावर भांडते. काजळी साळुंकी तिच्याच कुळातली, पण माणसाला तोंड न दाखवणारी. अंगानं काळी, डोळ्याभोवती फिकट कडं. जुन्या, आभाळाला टेकलेल्या झाडांच्या ढोलीत राहायची आणि जमिनीवर कधी उतरायचीच नाही. झाडं गेली तशी तीही गेली. कित्येक वर्षांत ती कुणाला दिसली नव्हती. जाणकारांच्या लेखी ती ‘अतिसंकटग्रस्त’ होती, आणि त्या पायरीच्या खाली ‘नामशेष’ एवढा एकच शब्द उरतो.

तिची स्वतःची शीळ अगदी छोटी, जाडसर, ओली. ती संपली की ती दुसऱ्यांचे आवाज काढायची. संस्थेकडे तिचं एक जुनं ध्वनिमुद्रण होतं. त्यात ती एका बेडकाची नक्कल करते. तो बेडूक तिच्याही आधी संपला होता.

ज्या दरीत ती शेवटची दिसली, त्या दरीच्या तोंडाशी आता धरण उभं होतं. पाणी अर्ध्यावर थांबवायचं की दरी काठोकाठ भरायची, हे एक समिती ठरवणार होती. पाखरू आहे असं दाखवता आलं, तर अर्ध्यावर. भाऊनं त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. उन्हाळ्यात तो शेवटची यंत्रं बांधायला गेला, सोबत्यांपासून चुकला आणि बरेच दिवस सापडलाच नाही. सापडला तेव्हा तापानं फणफणलेला होता. आता तो घरी होता. दिवसभर खिडकीशी बसायचा, फारसा बोलायचा नाही. वहिनी स्वतःला समजवायची, माणूस हाती लागला हेच खूप. बोलेल हळूहळू.

२

पावसाळा सुरू झाल्यावरचं पहिलं कार्ड आलं, त्या सकाळी वहिनीनं नेहमीसारखा चहाचा कप टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.

बराच वेळ नुसता पाऊस होता. मग तो थोडा उघडला आणि जवळच, अगदी यंत्राच्या तोंडाशी असावी तशी, एक शीळ आली. जाडसर, ओली.

वहिनीचे हात टेबलावर जिथल्या तिथे थांबले. शिळेनंतर कुणीतरी खाकरलं आणि भाऊचा आवाज आला, “अगं, ऐकतेस ना?”

ती हसली. हा त्याचा जुना चाळा होता. यंत्र बांधून झालं की ते चालतंय का बघायला तो त्यात तोंड घालून असंच काहीतरी बोलायचा. खोलीत बसलेल्या बायकोला रानातून पाठवलेली चिठ्ठीच म्हणा ना. हसता हसता तिनं कप उचलला आणि तो ओठांपर्यंत जायच्या आत खाली ठेवला.

आवाजामागे पाऊस पडत होता.

यंत्रं बांधली ती भर उन्हाळ्यात. पाऊस लागला तेव्हा भाऊ घरी, खिडकीशी, पांघरूण घेऊन बसलेला होता. तिनं तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा ऐकला. शीळ, खाकरणं, “अगं, ऐकतेस ना?” आणि पाऊस. मग डोकं चाललं आणि ती खुर्चीवरून उठूनच उभी राहिली. हा भाऊ नव्हताच. ही ती होती! उन्हाळ्यात भाऊ यंत्राशी बोलत असताना वर कुठेतरी ढोलीत बसून तिनं ऐकलं होतं, शब्द अन्‌ शब्द उचलला होता आणि आता पावसात बसून ती त्याची नक्कल करत होती. साळुंकी जिवंत होती.

वहिनी त्या बिनखिडकीच्या खोलीत एकटीच रडली, आणि घरी जायची वेळ व्हायची वाटही न बघता निघाली.

३

भाऊ खिडकीशी बसला होता. तिनं चपलासुद्धा धड काढल्या नाहीत. त्याच्यापुढे बसून एका दमात सगळं सांगितलं, आपल्या मोबाइलवर तो तुकडा ऐकवला.

त्यानं मान एका बाजूला कलती करून ऐकलं. मग म्हणाला, “हो का? छान झालं. आता आराम करा.”

ती थोडी हिरमुसली. इतक्या वर्षांच्या खटपटीचं फळ, आणि याच्या लेखी एवढंच. स्वयंपाकघरात जाऊन तिनं पाण्याचा पेला भरला, आणि तो पिताना तिला आठवलं की हे वाक्य इस्पितळातल्या डॉक्टरांचं होतं. रोज सकाळी खाटेशी येऊन ते हेच म्हणायचे, याच चालीत, ‘छान’वर थोडं रेंगाळून. आजारपणात माणसाच्या डोक्यात काही वाक्यं घर करून बसतात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पण एकदा लक्ष गेलं की जात नाही. पुढचे काही दिवस ती कामाला लागल्यासारखी त्याला ऐकत राहिली. सकाळी तो म्हणायचा, “गॅस बंद केलास ना?” हे तिचंच वाक्य. दुपारी म्हणायचा, “सही करा इथे.” हे कुरिअरवाल्याचं. आवाज त्याचा, बोलणं दुसऱ्याचं. एकदा ती हुंदका आवरत त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसली, तेव्हा तो तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, “काही होणार नाही तुला. मी आहे ना.” इस्पितळात ती त्याच्या उशाशी बसून रात्रंदिवस हेच पुटपुटत होती. इतक्या मायेनं म्हणाला की तिला तिथून उठवेना. आणि तरी मानेवर काटा आला तो आलाच.

सासूबाई त्यांच्याबरोबरच राहायच्या. त्यांना ऐकू येणं कधीच बंद झालं होतं. समोरच्याचे ओठ बघून त्या सगळं समजून घ्यायच्या, इतक्या सफाईनं की पाहुण्यांना पत्ताही लागायचा नाही. एका संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “सूनबाई, एक विचारू? रागावू नकोस.”

“विचारा ना, आई.”

“तो आल्यापासून मला त्याचं बोलणं कळत नाही गं. तुझं कळतं, शेजारणीचं कळतं. त्याचंच कळत नाही.”

“अशक्तपणा आहे, आई. पुटपुटतो तो.”

सासूबाईंनी मान हलवली. “पुटपुटणारा माणूस मी ओळखते. याचे ओठ उघडतात, मिटतात, पण त्यांत शब्दच नसतात. शब्द कुठून येतो कोण जाणे.”

वहिनीनं हातातली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

४

संस्थेत मोठ्या बाई म्हणजे संचालिका. माणूस मायाळू, पण पुराव्याच्या बाबतीत कडक. त्यांनी तो तुकडा ऐकला आणि म्हणाल्या, शीळ ठीक आहे, पण ती इतर कुणाचीही असू शकते. आणि पुढे जे आहे ते माणसाचं बोलणं आहे. समितीपुढे ते ठेवलं तर हसं होईल. पाऊस मागच्या वर्षीचा असेल, तारीख मागेपुढे झाली असेल, यंत्र ओलं झालं असेल. अजून ऐका, स्वच्छ काहीतरी आणा.

वहिनी ऐकत राहिली. पुढची कार्डं आली ती होडीतून. दरीत पाणी चढायला लागलं होतं आणि पायवाटा बुडाल्या होत्या.

या कार्डांवर शीळ नव्हती. आवाज होता. “कुणी आहे का? मी वर आहे. मला खाली उतरता येत नाही.” थोडी शांतता, आणि पुन्हा तेच. वहिनीनं तोंडावर पदर दाबून धरला. चुकला होता त्या दिवसांत भाऊ असाच ओरडला असणार. एकटा, उपाशी. त्या हाका पाखरानं ऐकल्या आणि साठवून ठेवल्या. दुसरं काय असणार? तिनं स्वतःला हे पुनःपुन्हा सांगितलं, आणि ते सांगणं पटतही होतं, पुढचं वाक्य येईपर्यंत.

“खाली पाणी आलंय.”

त्यामागे, लांब नाही, फार खोलही नाही, झाडांच्या बुंध्यांवर पाणी चुबुक चुबुक आपटत होतं.

धरणाची दारं बंद झाली ती भाऊ घरी परतल्यावर. तो रानात असताना त्या दरीत पाणी म्हणून नव्हतं, एक ओढा होता तोही आटलेला. तेव्हा हे वाक्य त्याच्या तोंडून तिथे कुणी ऐकलेलं असणं शक्य नव्हतं. नक्कल करणारा ऐकलेलंच काढतो. मग हे पाखरानं कुणाकडून ऐकलं?

वहिनीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत गाढ शांतता होती. मग टेबलावरच्या हेडफोनमधून, मुंगीएवढा बारीक, तो आवाज पुन्हा यायला लागला आणि तिनं घाईघाईनं संगणकच बंद केला.

५

तिनं घरूनच वनरक्षकाला फोन लावला. भाऊला ज्यांनी रानातून खाली आणलं त्यांच्यातला हाच एक होता. आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग विचारलं की भाऊ नक्की कसा सापडला. हे तिनं आजवर कधी विचारलंच नव्हतं. सापडला यातच सगळं आलं होतं.

वनरक्षक जरा घुटमळला. म्हणाला, “वहिनी, तुम्हाला सांगू नये असं आमचं ठरलं होतं. आम्ही हाका मारत चाललो होतो. तर वरून आमच्याच हाका परत यायला लागल्या. वाटलं, दरी आहे, आवाज फिरतोय. मग माझ्याबरोबरचा शिंकला, आणि वरून शिंक आली.”

“वरून म्हणजे?”

“झाडावरून. पार शेंड्याला बसले होते भाऊ. अंगावर कपडा नव्हता. ताप डोक्यात गेला की माणूस काहीही करतो, वहिनी. दोर लावून उतरवलं. अगदी गरीब गाईसारखे खाली आले.”

तिनं विचारलं, आता त्या भागात कुणी माणूस असू शकेल का. तो म्हणाला, छे, तिकडे आता चिटपाखरू नाही. तरी होडी घेऊन एकदा बघून या, असं ती म्हणाली. तिनं फार गळ घातली तेव्हा त्यानं विचारलं, “पण शोधायचं कुणाला? कोण हरवलंय?”

वहिनीनं मान वर केली. समोरच्या खिडकीशी भाऊ बसला होता, मान कलती करून तिच्याकडे बघत. तिनं फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्यावर ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. जे फक्त दोघांनाच ठाऊक होतं असं एकेक विचारायला लागली. लग्नाआधी आपण कुठे भेटायचो? तू मला चिडून काय म्हणतोस? तो प्रत्येक प्रश्न मन लावून ऐकत होता. शेवटी तिनं रडकुंडीला येऊन विचारलं, “तू कोण आहेस?”

“तू कोण आहेस?” तो म्हणाला. यावेळी आवाज तिचा होता. रडवेला, शेवटाशी चिरकलेला, हुबेहूब. त्याचे ओठ किंचित उघडे होते आणि हलत नव्हते.

६

समितीची बैठक संस्थेच्या मोठ्या दालनात होती. ती दरी सगळ्यांत जास्त हिंडलेला माणूस म्हणून भाऊलाही बोलावलं होतं. वहिनीनं नको म्हणून पाहिलं, पण मोठ्या बाईंनी गाडीच पाठवली.

आत जायच्या आधी तो बाहेरच्या बाकावर बसला होता, स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात. जवळच मोठ्या बाई एका अभियंत्याशी बोलत उभ्या होत्या. जरा खाकरून त्या म्हणाल्या, “खरं सांगू? तिथे आता काही उरलेलं नाही. आपण उगाच आशा धरून बसलोय.” भाऊनं मान कलती केली. वहिनीनं ते पाहिलं.

आत तिनं तुकडे ऐकवले. मनात तिनं एकच ठरवलं होतं. हा माणूस आहे म्हणावं, तर तो माणूस बाहेर बाकावर बसलेला आहे, त्याला शोधायला कोण होडी पाठवणार? पाखरू आहे म्हणावं, तर निदान पाणी थांबेल. मग झाडाच्या शेंड्यावर जे कुणी आहे ते बुडणार तरी नाही. म्हणून ती जीव तोडून पाखराच्या बाजूनं बोलली. शीळ, नक्कल, पावसाची वेळ. पाण्याचं वाक्य मात्र तिनं ऐकवलं नाही. ते ऐकवलं असतं तर तिला स्वतःला बोलवलं नसतं.

लोक सभ्यपणे ऐकत होते. कुणीतरी चष्मा पुसला. मोठ्या बाईंनी हळुवारपणे विचारलं, “वहिनी, तुमचे मिस्टर सुखरूप घरी आहेत ना?”

ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

मग भाऊला आत आणलं. अध्यक्षांनी अदबीनं विचारलं, या दरीत काजळी साळुंकी अजून असावी असं आपल्याला वाटतं का?

वहिनी त्याच्या गळ्याकडे बघत होती. मनातल्या मनात ती विनवत होती की काही बोलू नकोस, किंवा मग तुझी शीळ घाल, एकदाच घाल, सगळे बसलेत इथे.

भाऊ जरा खाकरला. “खरं सांगू? तिथे आता काही उरलेलं नाही. आपण उगाच आशा धरून बसलोय.”

मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यानं या पाखरापायी आयुष्य घालवलं त्यानंच हे म्हणावं, यावर कुणाला काही बोलायचं राहिलं नाही. अध्यक्ष उठून उभे राहिले, मग बाकीचेही. काजळी साळुंकी नामशेष ठरली आणि दरी काठोकाठ भरायचं ठरलं. सगळं अगदी शांतपणे.

७

एक कार्ड आलं, सगळ्यात उंच झाडावरचं. यंत्र बुडायच्या आदल्या दिवशी वनरक्षकानं होडीत उभं राहून, हात वर करून ते काढलं होतं. वहिनीनं ते ऐकलं. आवाज आता हाका मारत नव्हता. कुणाशी तरी बोलावं तसा हळू, न थांबता बोलत होता. घराविषयी, आईच्या कानांविषयी, एका पावसात भिजून दोघांना आलेल्या सर्दीविषयी. लग्नाआधी ती दोघं कुठे भेटायची तेही त्यात होतं. पाणी अगदी जवळ होतं. एका वाक्याच्या मधोमध ध्वनिमुद्रण संपलं.

ती खोलीत बसून राहिली. कुणी हाक मारली नाही, कारण आता तिच्याकडे काही काम नव्हतं. दुपारी ती चालतच घरी आली.

बाहेरच्या दाराशी सासूबाई भाजी निवडत होत्या, काहीही ऐकू न येता, निवांत. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागे रान होतं.

त्याला दुसरा शब्द नव्हता. किड्यांची किरकिर होती, पानांवरचा पाऊस होता, माकडं होती, तो कधीच संपलेला बेडूक होता, आणि नावंही न ठेवलेल्या कितीतरी पाखरांचा गलका होता. वहिनी आयुष्यभर कानात घालून हिंडली ते सगळं, थराथरांनी, एकाच वेळी. त्याच्या खूप खाली, तळाशी, पाण्यातून यावा तसा एका माणसाचा आवाज होता. शब्द कळत नव्हते. पण तो कुणाचा आहे हे तिला आजवर कधी कुणी सांगावं लागलं नव्हतं.

तिनं दार बोटभर उघडलं. भाऊ खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचं तोंड मिटलेलं होतं. गळा मात्र थरथरत होता, कातडीखाली मुठीएवढं काहीतरी धडपडत असावं तसा.

तिच्या पायाखालची फळी करकरली आणि सगळं एकदम थांबलं. मान वळली. खोलीत दुपारचं ऊन आणि रिकामी शांतता उरली.

ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. त्याचे दोन्ही हात तिनं हातांत घेतले. ते गरम होते, आणि नाडी इतकी जलद की मोजता येऊ नये.

“थांबू नकोस,” ती म्हणाली. “पाया पडते तुझ्या. थांबू नकोस.”

त्यानं मान कलती केली, तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग ओठ न हलवता, तिच्याच आवाजात, तो तिला म्हणाला, “थांबू नकोस. पाया पडते तुझ्या. थांबू नकोस.”

त्यानंतर तो दुसरं काहीच बोलला नाही.